समुद्र दिसायला हवा

ऐन फेब्रुवारीत, झाडं चिकूने लगडलेली असताना, डहाणूजवळच्या नरपडचा कुठलाही शहाणा वाडीवाला घर सोडून जात नाही. घरात मयत झालं तरी दहाव्याला केस उतरवून अकराव्याला तो जाळीची काठी घेऊन झाडाखाली उभा असतो. त्यामुळे जतीनने जेवताना, मीठ मागावं इतक्या सहज, "मंगळवारी अंदमानला निघायचंय, तिकिटं काढलीत," असं सांगितलं तेव्हा जागृतीची तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच.

"आत्ता? तोडणी टाकून?"

"वीस वर्षं म्हणतेस ना, नीलला परत जाऊ या? नेतो म्हटलं तर आता तोडणी आडवी आली. पुढच्या वर्षी तुला मसाले कुटायचे असतील." जतीन हसला. त्याचं हसणं गोड होतं. त्या हसण्यावर भाळून जागृतीने लग्न केलं होतं, आणि लग्नानंतर त्याच हसण्यापायी बऱ्याच गोष्टी सोडूनही दिल्या होत्या.

नील हे अंदमानातलं छोटंसं बेट. जतीनचे रतनकाका तेव्हा पोर्ट ब्लेअरच्या बंदरात नोकरीला होते, म्हणून नव्या जोडप्याला तिथे जायला मिळालं. एरवी वाडीवाल्याच्या सुनेच्या नशिबी महाबळेश्वरही नसतं. राहायला बांबूची झोपडी होती. मासी नावाची एक बंगाली बाई भात आणि मासा रांधून द्यायची. किनाऱ्यावरची झाडं पार पाण्यावर झुकलेली, आणि त्यांच्या सावलीत दिवसभर दोघांना काहीही काम नाही. घरी सगळ्यांसमोर नवऱ्याला "तुम्ही" म्हणायचं. तिथे जागृतीने त्याला पहिल्यांदा "तू" म्हटलं, आणि तेव्हापासून दोघंच असले की तो "तू" होता.

परत आल्यावर तिच्या डोक्यात ती सावली बसली. घराच्या मागे, समुद्राच्या अंगाला, एक खारवटलेला तुकडा पडीक होता. "तिकडं गवत उगवत नाय, आणि तू चिकू लावतेस?" असं सासूबाई नर्मदाबाईंनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं. वाऱ्याला आडोसा म्हणून जागृतीने आधी सुरूची रांग लावली, मग कालीपत्ती चिकूची कलमं आणली, आणि गोड्या विहिरीचं पाणी डोक्यावरून वाहून ती जगवली. निलम पोटात होती तेव्हासुद्धा हंडे थांबले नाहीत. ती निलम आता वापीला नर्सिंग शिकत होती आणि कलमांची झाडं घराच्या वर गेली होती. जतीनने त्या तुकड्यात एक खड्डा खणला नव्हता. तो ते कौतुकाने सांगायचा, "ती जागृतीची वाडी, मी तिथे पाहुणा." सातबाऱ्यावर नाव मात्र पाहुण्याचंच होतं.

त्या वाडीत जागृतीच्या बरोबरीने राबली ती रूपी. रूपी मूळची तलासरीकडची, लग्न होऊन इथल्या पाड्यावर आलेली. तिची एक रीत होती. वाडीत सुकलेली फांदी पडलेली असो की वादळात मोडलेला अख्खा डाहाळा, वहिनीला विचारल्याशिवाय ती चुलीला काडी न्यायची नाही. "अगं, ने ना, विचारतेस काय दर वेळी," असं जागृती किती वेळा म्हणाली असेल. रूपी म्हणायची, "झाड तुमचा, मंग विचारायला नको?" जतीन यावर नकला करायचा. काडीसाठी अर्ज करते, म्हणायचा.

तर मंगळवारी निघायचं ठरलं. नर्मदाबाईंनी स्वतः डबा भरायला घेतला, तांदळाच्या पुऱ्या, सुका मेवा, लिंबाचं लोणचं. सून माहेरी बोर्डीला दोन रात्री राहिली की तिसऱ्या दिवशी ज्यांच्या गुडघ्यात कळ यायची, त्या म्हणाल्या, "जा गो निवांत. घराची फिकीर नको करू. मी आहे ना."

इथे तरी जागृतीने ओळखायला हवं होतं. सासू विनाकारण गोड झाली की सुनेने घरात काय कमी झालंय ते आधी पाहावं. पण वीस वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट हातात आल्यावर माणूस शंका कशाला काढील? तिने रूपीला तोडणीचं सगळं समजावलं, समुद्राकडच्या झाडांची फळं अजून लहान आहेत, ती महिनाभर तोडू नकोस असं बजावलं, आणि जतीनच्या मागोमाग गाडीत बसली.

नीलला पोचल्यावर तिला ते ओळखूच येईना. मासीच्या झोपडीच्या जागी काचेची तावदानं लावलेली दुमजली इमारत उभी होती आणि समुद्राच्या काठावर, समुद्र असताना, पोहण्याचा तलाव बांधला होता. पाण्यावर झुकलेल्या झाडांपैकी एकच उरलं होतं, त्यालाही कुणीतरी दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. मासी कुठे आहे असं तिने काउंटरवरच्या पोराला विचारलं, तर त्याला मासी कोण तेच माहीत नव्हतं.

जतीन मात्र खुशीत होता. खोलीत शिरताच त्याने न्हाणीघरातल्या नळांचे फोटो काढले. मग पावलांनी व्हरांडा मोजला. जेवताना मॅनेजरला बोलावून खोल्या किती, पावसात किती भरतात, चादरी धुवायला कुठे देता, हे सगळं विचारून घेतलं.

"तू फिरायला आलायस की घर बांधायला?" जागृतीने विचारलं.

"माहिती असलेली बरी." मग ताटातल्या माशाकडे बोट दाखवून म्हणाला, "या असल्या जेवणाला हे लोक काय भाव लावतात बघ. तुझ्या हातची उकडहंडी खाल्ली, बोंबील खाल्ले, तर लोक इथून उठून आपल्याकडे येतील."

"आपल्याकडे कशाला येतील?"

"समुद्र आपल्याकडेही आहे. फक्त दिसायला हवा. लोक पैसे मोजतात ते समुद्र दिसण्याचे." आणि परत तेच गोड हसणं.

तिला वाटलं, चेष्टा करतोय. तिने त्याच्या पानात आणखी भात वाढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जतीन तलावात डुंबत होता आणि जागृती त्या उरलेल्या झाडाखाली बसली होती. रूपीचा व्हिडिओ कॉल आला. रूपी पैसे पडतील म्हणून कधी स्वतःहून फोन करायची नाही, म्हणून जागृतीने घाईने उचलला.

"वहिनी, मजेत हाव ना?" रूपीचा चेहरा पडद्यावर अर्धाच दिसत होता. मागे मशीनची घरघर होती. "एक विचारायचं व्हतं. फांद्या नेऊ का?"

"कसल्या फांद्या?"

"ह्या पडल्यात त्या. सुदाम बोलतो, ने समद्या, नाय तर जाळायच्याच हायेत. पण मी बोलली, वहिनीला विचारल्याबिगर नाय."

सुदाम म्हणजे आशागडचा लाकूडतोडीचा ठेकेदार. वठलेलं झाड पाडायचं असलं की लोक त्याला बोलवत. जागृतीला वाटलं, एखादा सुरू पडला असेल. "जरा फोन फिरव बघू. मला दाखव."

रूपीने फोन फिरवला. आधी काही समजेना, कारण पडद्यावर नुसतं आभाळ होतं, आणि त्या जागी आभाळ कधी दिसत नसे. मग खाली पाहिलं तेव्हा कळलं. झाडं आडवी पडली होती, एकावर एक, हिरवी, पानांसकट, फळांसकट. लहान लहान चिकू मातीत सांडलेले आणि दोन माणसं त्यांच्यावरून चालत पुढच्या बुंध्याकडे मशीन घेऊन जाताना दिसत होती. सुरूची रांग नव्हतीच. पलीकडे समुद्र चकाकत होता.

"रूपी, हे कुणी सांगितलं?"

रूपीने फोन पुन्हा स्वतःकडे वळवला. तिचा चेहरा उतरला होता. "शेठनी. वहिनी, तुमाला ठावं नव्हतं?"

मशीन परत सुरू झालं, आणि नंतर जो आवाज आला तो ऐकून रूपी मागे सरकली. जागृतीने फोन ठेवला. ती उठली आणि तलावाच्या काठाशी जाऊन उभी राहिली. तिथे पोहणारी चार माणसं आणि त्यांची पोरं होती. तिला त्याची पर्वा नव्हती.

"बाहेर ये."

जतीनने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने बाहेर आला. टॉवेल खांद्यावर घेत म्हणाला, "रूपीने फोन केला वाटतं. तिला कुणी नाक खुपसायला सांगितलं होतं?"

विमान, बोट, हॉटेल, सुदाम, आईचा डबा, एवढं सगळं जमवताना जतीन एकच गोष्ट विसरला होता. ज्या रीतीच्या तो नकला करायचा, तीच त्याला नडली.

"माझी वाडी तोडलीस," जागृती म्हणाली.

"आपली."

"मला न विचारता तोडलीस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मग मी काय करणार होतो?" हे तो इतक्या सरळपणे म्हणाला, की जागृतीला क्षणभर खरंच वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकतोय. तो बोलतच राहिला. चिकूत आता राम राहिला नाही, अळी बियांपर्यंत जाते, हवेचं काही खरं नाही, भाव व्यापारी ठरवतात. मनिष पैसे लावतोय. मनिष हा त्याचा चुलतभाऊ, वापीला कारखान्यांना माल पुरवणारा. घरामागे खोल्या काढायच्या, मुंबई-सुरतची माणसं शनिवार-रविवार येतील. खोलीतून समुद्र दिसायला हवा, तो झाडांनी अडला होता. पुढची जुनी वाडी तशीच ठेवणार आहोत. आणि जेवणाखाणाचं जागृती बघणारच आहे, त्याची चिंताच नाही.

"हे तू कधी ठरवलंस?"

"दिवाळीत."

"आणि मला इथे कशाला आणलंस?"

यावर जतीनचा आवाज मऊ झाला. "तुला डोळ्यांदेखत पडताना बघवलं असतं का? तुझाच विचार केला मी. म्हटलं, तेवढे दिवस तुला आवडत्या जागी नेऊ. काय वाईट केलं?"

जागृतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नुसतं फसवलं असतं तर एक वेळ तिने गिळलं असतं. पण हा माणूस केसाने गळा कापून वर म्हणत होता, बघ, सुरी वापरली नाही. वीस वर्षं जे बेट तिने मनात जपलं, भांडणं झाली, उन्हात पाठ भाजली, निलमला टायफॉइड झाला, तेव्हा तेव्हा जिथे ती मनाने जाऊन बसायची, त्या बेटाचा त्याने झाकायला कपडा केला होता.

"सुदामला फोन लाव. थांबव म्हणून सांग."

जतीनने लावला. "सुदाम, जरा काम थांबव रे. नाही, बंद नको करू. अर्धा तास चहा घ्या. मग सांगतो मी."

चहा. तिला समजावायला किती वेळ लागेल, ते त्याने मनात धरूनच ठेवलं होतं. जागृतीने फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. "सुदामभाऊ, मी जागृती बोलतेय. यापुढे एक झाड पडता कामा नये."

सुदाम अवघडून म्हणाला, "वहिनी, तुमचं बरोबर आहे. पण मला मालक सांगतील तसं करावं लागतं. मालकांना द्या ना."

जतीनने हात पुढे केला. तिने फोन त्याला दिला नाही, बाजूच्या खुर्चीवर ठेवला आणि खोलीकडे चालू लागली. मागून तो फोनवर हळू आवाजात बोलत असलेला तिला ऐकू आला. काय बोलला ते ऐकायला ती थांबली नाही, कारण ते तिला माहीत होतं.

पर्स घेऊन ती तडक धक्क्यावर गेली. दुपारची बोट लागली होती. गेटावरच्या माणसाने तिकीट आणि आधार कार्ड मागितलं. दोन्ही जतीनकडे होतं. परतीचं तिकीट जतीनच्या मोबाइलमध्ये, बँकेचं कार्ड जतीनच्या पाकिटात, आधार कार्ड जतीनच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात, हरवायला नको म्हणून. पर्समध्ये रुमाल, कंगवा आणि गाडी लागू नये म्हणून घेतलेली आवळा सुपारी होती. नवऱ्यावर रागावून निघून जायचं तर त्यालाही नवऱ्याचाच मोबाइल लागतो, हे तिला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्या उन्हात उभं राहून कळलं. तिला स्वतःचाही राग आला, आणि तो राग पहिल्यापेक्षा कमी नव्हता.

थोड्या वेळाने जतीन दोन्ही बॅगा ओढत आला. "तिकिटं आजची करून घेतली," तो म्हणाला. "तुला जायचंय ना? चल. मी काय अडवतोय?" आणि बोटीत तिला खिडकीची जागा दिली.

दोन दिवसांच्या प्रवासात ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तो मात्र विमानात सँडविच हवं का, गार वाटतं का, शाल काढू का, असं विचारत राहिला. बारीकसारीक सगळं विचारायची त्याला सवय होती.

डहाणू रोडला उतरून रिक्षाने घरी आले तेव्हा दुपार झाली होती. पुढची जुनी वाडी होती तशी होती. जागृती सरळ घरातून चालत मागच्या दाराशी गेली. दाराच्या चौकटीत अख्खा समुद्र भरला होता. खाली बुंध्यांची लाल-तपकिरी वर्तुळं, भुसा, आणि मोडक्या फांद्यांचा ढीग. कडेचं एकच झाड उभं होतं, तेही अर्ध्या फांद्या छाटलेलं. सुदामचा चहा एका झाडापुरता लांबला होता म्हणायचा.

नर्मदाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "दमलीस गो? पाणी देऊ?" मग जरा थांबून म्हणाल्या, "वारा बघ कसा येतो आता."

"तुम्हाला माहीत होतं."

"तो म्हणाला, तिला सांगू नको, हट्ट करेल. मी म्हातारी काय बोलणार?"

"त्या तुकड्यात गवत उगवत नाही, हे बोलायला तुम्हाला जमलं होतं. हे नाही जमलं?" इतक्या वर्षांत सासूला ती असं बोलली नव्हती. नर्मदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आत निघून गेल्या.

वारा येत होता खरा. आडोसा गेल्यावर खारा वारा थेट स्वयंपाकघरात शिरायला लागला. गॅस विझायचा, पिठात वाळू यायची, धुतलेली भांडी वाळताना खारट व्हायची. जतीनने खिडकीला प्लास्टिक बांधून दिलं आणि म्हणाला, खोल्या झाल्या की वारा आपोआप अडेल. झाडांनीही वाराच अडवला होता, हे त्याला सांगण्यात काही अर्थ नव्हता.

शुक्रवारी रात्री जेवण होऊन नर्मदाबाई झोपायला गेल्यावर त्याने जाहीर केलं, "रविवारी मनिष येतोय. बरोबर पैसे लावणारी माणसं आहेत, सुरतची. बायका धरून आठ जण. जागा बघतील, जेवतील. उकडहंडी कर, बोंबील कर, भाकऱ्या तांदळाच्या. एकदा तुझ्या हातचं खाल्लं की बोलणीच संपतील."

जागृतीने खरकटी ताटं एकावर एक ठेवली. "हे तू मला विचारतोयस का सांगतोयस?"

"त्यात विचारायचं काय? घरचंच काम आहे." तो खरोखर गोंधळून तिच्याकडे पाहत होता. एवढं होऊनही त्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. तिला वाटलं होतं, हा माणूस मनातून ओशाळला असेल, नुसतं तोंडाने कबूल करत नसेल. तसं काही नव्हतं. तिच्या उरल्यासुरल्या आशेवरही पाणी पडलं.

"बरं," ती म्हणाली.

रविवारी सकाळी ती लवकर उठली. न्हाली, चांगली साडी नेसली. मागच्या अंगणात, समुद्र दिसेल अशा बेताने, सतरंज्या अंथरल्या आणि घरातली स्टीलची ताटं ओळीने मांडली. तांबे भरून ठेवले. जतीन दोनदा डोकावून गेला आणि समाधानाने मान हलवून गेला. स्वयंपाकघरात मात्र त्याने पाऊल टाकलं नाही. तिथे त्याने कधीच पाऊल टाकलं नव्हतं. नर्मदाबाईंनी टाकलं, थंड चुलीकडे आणि कोरड्या पातेल्यांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "जागृती, दारी आलेलं माणूस उपाशी नको गो धाडू. या घरात तसं कधी झालं नाय."

"या घरात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा झाल्या आई," जागृती म्हणाली. तिला वाईट वाटत होतं. त्या परक्या माणसांनी तिचं काही घोडं मारलं नव्हतं. पण वाईट वाटतंय म्हणून चूल पेटवायची, हेच ती आजवर करत आली होती.

पाहुणे दोन गाड्यांतून आले. मनिषने त्यांना पुढची वाडी दाखवली, मग मागे आणलं. समुद्र पाहून सगळे खूश झाले. जाडसर पांढऱ्या शर्टातल्या एका गृहस्थाने "वाह, सरस" असं म्हटलं, आणि जतीनचा चेहरा उजळला. "बसा, बसा. आधी जेवून घ्या. मिसेसच्या हातचं खाल्लं ना, की दर रविवारी याल."

मंडळी पानावर बसली. जागृती आतून पाटी घेऊन आली आणि वाढायला लागली. प्रत्येक ताटात दोन-दोन चिकू. लहान, हिरवट, दगडासारखे, देठाकडून चीक वाळून पांढरा झालेले. शेवटच्या ताटापर्यंत वाढून झाल्यावर तिने रिकामी पाटी खाली ठेवली.

आधी कुणाला काही कळलं नाही. एका बाईने चिकू हातात घेऊन दाबून पाहिला. "आंटी, हे कच्चे आहेत ना?"

"हो. अजून महिनाभर झाडावर राहायला हवे होते. आता पिकायचे नाहीत, नुसते सुकतील."

"मग वाढले का?"

"तुम्ही बसलात ना, तिथलंच पीक आहे हे. शेवटचं. मी लावलं होतं."

जतीन हसत पुढे आला, पण ते हसू तोंडावर टिकत नव्हतं. "मस्करी करते ती. जागृती, जेवण आण."

"जेवण केलं नाही."

वाऱ्याने एका ताटातला चिकू घरंगळला आणि सतरंजीवर गेला. मनिषने घसा साफ केला. तो हिशेबी माणूस होता, समुद्रापेक्षा त्याला नफा-तोटा लवकर दिसायचा. "जतीन, तू तर म्हणालास वहिनी सगळं सांभाळणार आहेत. त्यांच्याशी बोललास ना तू?"

"बोलायचं काय त्यात? घरचीच आहे ती."

पांढऱ्या शर्टाच्या गृहस्थाने बायकोकडे पाहिलं. बायकोने हातातला चिकू हलकेच ताटात ठेवला, चिकट झालेली बोटं रुमालाला पुसली आणि ती उठली. तिच्या मागोमाग दुसरी उठली. तेवढ्यात नर्मदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, पण तोवर सगळे चपला शोधत होते. मनिष गाडीकडे जाता जाता जतीनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आधी घर सांभाळ. मग बघू."

गाड्या गेल्यावर जतीन अंगणात आला. त्याचे कान लाल झाले होते. तिने त्याला इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं. "चार माणसांत माझं नाक कापलंस," तो म्हणाला. "तुला वाटतं तुझ्यावाचून अडलंय? स्वयंपाकाला बाई ठेवीन मी. एक नाही, दोन ठेवीन."

नर्मदाबाई दारात उभ्या होत्या, कुंपणापलीकडून शेजारीपाजारी बघत होते. त्यांच्यासमोर जागृती त्याला तू म्हणाली.

"ठेव ना. पण तिला आधी विचार."

मग ती खाली बसली आणि एकेक ताट उचलायला लागली.